भिंतीची जागा आधी ठरते

प्राण्याची पेशी दुभंगते तेव्हा ती कमरेशी आवळत जाते आणि शेवटी तुटून एकीच्या दोन होतात. वनस्पतीच्या पेशीला हा मार्ग बंद आहे. तिच्याभोवती सेल्युलोजची ताठ भित्तिका असते आणि आतल्या पाण्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा सहज जास्त भरतो. अशा पेशीला आवळणार कोण आणि कसे? म्हणून वनस्पती उलट्या बाजूने कामाला लागते. दोन नव्या केंद्रकांच्या मधोमध एक पातळ पडदा धरतो, तो कडांकडे पसरत जातो आणि जुन्या भित्तिकेला जाऊन भिडतो. शालेय पुस्तकात हे सगळे ‘पेशीपटल’ या एका शब्दावर आटोपते. पुढे कॉलेजातही गुणसूत्रांची पांगापांग झाली की विषय संपल्यासारखाच असतो.

वास्तविक खरी जोखीम तिथून पुढे आहे. शेजारशेजारच्या वनस्पतीपेशी पेक्टिनच्या थराने एकमेकींना पक्क्या चिकटलेल्या असतात. प्राण्याच्या भ्रूणात पेशी सरकतात, जागा बदलतात, हव्या त्या ठिकाणी जाऊन बसतात. वनस्पतीत जी पेशी जिथे जन्मली तिथेच तिचा जन्म जायचा. भिंत तिरकी पडली तर ती कायमची तिरकी. त्यामुळे केंद्रकाचे विभाजन आणि भित्तिकेची उभारणी यांचा मेळ कसा बसतो, या प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत : भिंत कुठे घालायची, केव्हा घालायची आणि कशाची घालायची. गेल्या दीडशे वर्षांतले लेखन चाळले तर पहिल्यावर उदंड मजकूर सापडतो, दुसऱ्यावर बऱ्यापैकी, आणि तिसऱ्याच्या, म्हणजे प्रत्यक्ष भिंतीच्या, वाट्याला सर्वांत कमी. हा असमतोल का, याचे उत्तर बऱ्याच अंशी प्रयोगशाळेतल्या सोयीगैरसोयीत आहे.

कांद्याच्या मुळाचेच पाहा. महाराष्ट्रात विज्ञान शाखेत शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे प्रॅक्टिकल केलेले असते. कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा, फुटलेल्या मुळांची टोके कापून टिकवणीच्या द्रावणात टाकायची, मग विरल हायड्रोक्लोरिक आम्लात थोडी कोमट करायची, ॲसिटोकार्मिनने रंगवायची आणि काचपट्टीवर कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबायची. आम्लाची पायरी चुकली तर टोक पसरतच नाही, गोळा तसाच राहतो. कारण आम्लाचे काम असते पेशींमधले पेक्टिन सैल करण्याचे. म्हणजे सोळा गुणसूत्रे नीट मोजता यावीत म्हणून आपण पेशींना जोडणारा मधला थरच आधी मोडून काढतो. अंत्यावस्थेतली एखादी पेशी नशिबाने आडवी पडलीच, तर दोन लाल पुंजक्यांच्या मध्ये केसाहून बारीक रेघ दिसते. ती रेघ हा या लेखाचा विषय. पण ती शेजारच्या कुठल्या भिंतीला कुठे मिळणार होती, हे त्या काचपट्टीवरून कळण्याची सोय उरलेली नसते.

जागेच्या प्रश्नाला पहिले ठोस उत्तर जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८६३मध्ये दिले : पेशी ज्या दिशेने वाढते आहे त्या दिशेला काटकोनात नवी भिंत पडते. दोनेक दशकांनी बेल्जियमच्या लेओ एरेरा यांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्याच देशातल्या जोझेफ प्लातो यांनी साबणाच्या पडद्यांवर मोठे काम करून ठेवले होते. साबणाचा पडदा कमीत कमी क्षेत्रफळ व्यापतो. एरेरांचे म्हणणे असे, की नवी भिंतही जन्मताना तशीच वागते, आकारमान विभागणारी सर्वांत छोटी वाट धरते. बॉनला एदुआर्ड स्ट्रासबुर्गर विभाजनाच्या अवस्था एकामागून एक रेखाटत होते. दोन केंद्रकांमध्ये दिसणाऱ्या तंतूंच्या पिंपासारख्या रचनेला ‘फ्रॅग्मोप्लास्ट’ हे नाव एरेरांनीच १८८८मध्ये दिले, आणि ते आजही चालते.

साबणाचा नियम देखणा आहे, पण पेशी तो सर्रास मोडतात. १८८८ ते २०११ इतका काळ ही अडचण तशीच पडून होती. मग सेबास्तियाँ बेसाँ आणि झाक द्युमे यांनी कोलिओकीट या हिरव्या शैवालासह अनेक वनस्पतींच्या पेशी मोजून दाखवले, की प्रत्येक पेशीसमोर छोट्या वाटा एकापेक्षा जास्त असतात आणि निवड संभाव्यतेने होते. वाट जितकी आखूड तितकी ती निवडली जाण्याची शक्यता जास्त, इतकेच. एरेरांचा नियम चुकीचा ठरला नाही, त्याचा हट्ट तेवढा गेला. मला हा निबंध या सगळ्या क्षेत्रातला एक सुंदर निबंध वाटतो. त्यात एकही जनुक नाही.

या दोन टोकांच्या मध्ये १९६६ साल येते. केंब्रिजमध्ये जेरेमी पिकेट-हीप्स आणि डोनाल्ड नॉर्थकोट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गव्हाच्या रोपाच्या पेशी पाहत होते. वनस्पतीपेशीतल्या सूक्ष्मनलिका तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या ओळखीच्या होत्या. १९६३मध्ये मायरन लेडबेटर आणि कीथ पोर्टर यांनी ग्लुटराल्डिहाइड वापरून पेशी टिकवल्या आणि त्या पहिल्यांदा स्पष्ट दिसल्या. त्याआधीच्या पोटॅशियम परमँगनेटच्या पद्धतीत पटले छान दिसत, नलिका मात्र नाहीशा होत. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांना दिसले ते असे : विभाजनाला सुरुवात होण्याआधीच, गुणसूत्रे अजून धड आवळलेलीही नसताना, पेशीच्या पटलाला आतून लगटून सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा पेशीभोवती फिरलेला असतो. मग तो पट्टा विरघळतो, तर्कू तयार होतो, गुणसूत्रे दोन्हीकडे जातात, आणि बऱ्याच वेळाने नवी भिंत कडेला पोहोचते ती नेमकी त्या नाहीशा झालेल्या पट्ट्याच्या रेषेवर. पर्णरंध्राच्या शेजारची साहाय्यक पेशी तयार होताना भिंत चक्क वक्र पडते. तिचीही जागा पट्ट्याने आधीच दाखवलेली असते.

म्हणजे भिंतीची जागा केंद्रक विभागण्याच्या आधी ठरते. पण पट्टाच उरत नसेल, तर ती जागा लक्षात कोण ठेवते? तीस वर्षे या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नव्हते. पट्टा जातो तेव्हा त्या जागेवरचे ॲक्टिनचे तंतूही विरळ होतात हे दिसले होते, पण जागा रिकामी असणे ही काही खूण धरता येत नव्हती. धागा हाती लागला तो मक्याच्या एका उत्परिवर्तित रोपामुळे. ‘टँगल्ड’ या जनुकात बिघाड झालेल्या मक्याच्या पानात भिंती वाटेल तशा तिरक्या पडतात. लॉरी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये हे रोप वर्णिले. पुढे २००७मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या रोपात दिसले, की टँगल्ड प्रथिन पट्ट्याबरोबर येते आणि पट्टा गेला तरी मागे कड्यासारखे टिकून राहते, थेट नवी भिंत येऊन भिडेपर्यंत. त्याच्या जोडीला पॉक नावाची किनेसिन कुळातली दोन प्रथिने असतात. ती नसली तर फ्रॅग्मोप्लास्ट कडेकडे जातो खरा, पण भलतीकडे.

मक्याच्या त्या रोपाची एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत फारशी येत नाही. आतल्या भिंती इतक्या वेड्यावाकड्या असूनही पानाचा आकार जवळपास नेहमीसारखाच राहतो. पान लहान असते, खरबरीत असते, पण असते मक्याचेच पान. मग एवढा काटेकोरपणा कशासाठी? २०१७मध्ये फ्रान्समधल्या व्हर्साय येथील गटाने ‘सायन्स’मध्ये जे छापले त्याने हा प्रश्न आणखी धारदार केला. त्यांनी टीआरएम कुळातली तीन जनुके एकाच वेळी बंद केली. बाकीच्या सूक्ष्मनलिका शाबूत राहिल्या, विभाजनाआधीचा पट्टा तेवढा जवळजवळ गायब झाला. अर्धशतकाच्या समजुतीप्रमाणे मुळाच्या पेशींत गोंधळ माजायला हवा होता. तसे घडले नाही. भिंती साधारण योग्य दिशेनेच पडल्या, फक्त कोनांमध्ये चढउतार वाढला. पट्ट्याशिवाय तर्कू जास्त डुलत होता. रोपे वाढली, फुलली.

यावरून ‘पट्टा जागा ठरवतो’ हे वाक्य आता तसेच लिहिता येत नाही. पट्टा आधी ठरलेली जागा पक्की करतो, ढिलाई कमी करतो, असे म्हणावे लागेल. जागा ठरते ती पेशीच्या आकारावरून, केंद्रकाच्या ठिकाणावरून आणि बहुधा ऊतीत पडणाऱ्या ताणावरून. मॉसच्या धाग्यासारख्या कोवळ्या अवस्थेत हा पट्टा मुळातच नसतो आणि तरी भिंती व्यवस्थित पडतात, ही गोष्ट आधीपासून माहीत होती. ती अपवाद म्हणून बाजूला ठेवली गेली, हे या शाखेला फारसे शोभले नाही.

‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर त्या मानाने सुटसुटीत आहे. त्याचा मोठा भाग नागोया विद्यापीठातल्या यासुनोरी माचिदा यांच्या गटाकडून आला. तंबाखूच्या पेशींत एक किनेसिन आणि एक कायनेज अशी जोडी आहे. दोघे एकत्र आले की कायनेज जागे होते आणि पुढची साखळी सुरू होते. साखळीच्या शेवटी एमएपी-६५ हे सूक्ष्मनलिकांना एकत्र बांधून ठेवणारे प्रथिन सुटे होते, फ्रॅग्मोप्लास्टच्या मधल्या नलिका मोकळ्या होतात आणि कडेला नव्या जोडता येतात. पडदा कडेकडे सरकतो तो यामुळे. आता गंमत अशी, की या जोडीतल्या दोघांनाही मध्यावस्थेपर्यंत लांब ठेवण्याचे काम पेशीचक्राचे मुख्य कायनेज, म्हणजे सीडीके, करते. गुणसूत्रे सुटून दोन्हीकडे निघाली की सीडीकेचा जोर ओसरतो, अटकाव उठतो आणि जोडी जुळते. तर्कूचे काम झाल्याखेरीज भिंतीचे सुरूच होऊ नये, याची ही कडी.

दुसरी कडी सामानाच्या पुरवठ्यावर आहे. पडदा तयार होतो गॉल्जी संकुलातून येणाऱ्या, साठ-सत्तर नॅनोमीटरच्या पिशव्या एकमेकींत मिसळून. मिसळण्यासाठी ‘नोल’ नावाचे सिंटॅक्सिन प्रथिन लागते. ट्यूबिंगेनमध्ये गेर्ड युर्गेन्स यांच्या गटाने १९९६मध्ये त्याचे जनुक ओळखले. ते बिघडलेल्या भ्रूणात पिशव्या जागेवर येऊन रांगा लावतात, पण मिसळत नाहीत. अर्ध्यात थांबलेल्या भिंती आणि दोन-दोन केंद्रकांच्या पेशी दिसतात. हे प्रथिन सतत तयार नसते. विभाजन जवळ आले की एमवायबी कुळातली काही नियामक प्रथिने नोलसकट अशा जनुकांचा एक संचच चालू करतात, आणि काम आटोपले की नोल मोडीत निघते.

पण केंद्रकाचे विभाजन आणि भिंतीची उभारणी या दोन कामांना एकमेकांपासून तोडता येते, हे जनुकांच्या कितीतरी आधी कॅफीनने दाखवले होते. होय, चहा-कॉफीतलेच. कांद्याच्या मुळांना कॅफीनच्या द्रावणात ठेवले तर तर्कू नीट चालतो, केंद्रके दोन होतात, मधे पडदाही धरू लागतो आणि मग तो विस्कटून जातो. पेशी एक, केंद्रके दोन. स्पेनमधल्या संशोधकांनी १९६०च्या दशकात याचा भरपूर वापर केला. याउलट कळलावीत सापडणारे कॉल्चिसिन सूक्ष्मनलिका ज्याच्या बनतात त्या ट्युब्युलिनलाच जाऊन चिकटते, त्यामुळे तर्कूही बंद आणि फ्रॅग्मोप्लास्टही. गुणसूत्रे दुप्पट होऊन एकाच केंद्रकात अडकतात. बिनबियांच्या कलिंगडामागची युक्ती हीच. आपल्या शेतकऱ्याच्या फवारणी पंपातही असाच एक रेणू असतो. सोयाबीन, कांदा, कापूस पेरल्यावर तण उगवण्याआधी मारतात ते पेंडीमेथालीन वनस्पतीच्या ट्युब्युलिनला धरते, प्राण्यांच्या नाही. तणाच्या कोंबाचे मूळ उकरून पाहिले तर टोक गाठीसारखे फुगलेले दिसते. आत अपुऱ्या भिंती आणि वाजवीपेक्षा मोठी केंद्रके. या गटातल्या तणनाशकांना दाद न देणारे तण अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांत निघाले, ते नाचणीच्याच वंशातले एल्युसिनी इंडिका. १९९८मध्ये उलगडा झाला : त्याच्या ट्युब्युलिनमध्ये २३९व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन बसले होते. एका अमिनो आम्लाचा फरक.

निसर्गातही ही ताटातूट राजरोस चालते, आणि तिचा सर्वांत मोठा नमुना कोकणात आणि गोव्यात झाडाला लटकलेला असतो. नारळाचे पाणी म्हणजे द्रवरूप भ्रूणपोष. त्यात केंद्रके विभागत जातात, पण भिंती घातल्याच जात नाहीत. हजारो केंद्रके एकाच पेशीद्रवात मोकळी. मग करवंटीच्या आतल्या कडेपासून भिंती पडायला लागतात, शहाळ्यात त्याची मऊ मलई होते आणि नारळ जून होईल तसे घट्ट खोबरे. पंचानन माहेश्वरी यांच्या १९५०च्या आवृतबीजींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथात अशा भ्रूणपोषांचा साक्षेपी परामर्श आहे. भात-गव्हाच्या दाण्यातही असेच होते. इथे विभाजनाआधीचा पट्टा नसतो, आणि फ्रॅग्मोप्लास्ट सख्ख्या नसलेल्या केंद्रकांमध्येसुद्धा तयार होतो. केंद्रक कधीचे विभागून झालेले आणि भिंत आत्ता. याच पाण्याने पुढे ऊतिसंवर्धनाला हात दिला : १९४१मध्ये धोत्र्याचे कोवळे भ्रूण त्यावर वाढवले गेले, आणि विभाजन जागवणाऱ्या द्रव्याच्या शोधातून १९५५मध्ये विस्कॉन्सिनमध्ये कायनेटिन हाती आले. तंबाखूच्या गाभ्याचे तुकडे नुसत्या ऑक्झिनवर फुगत. कायनेटिन मिळाले की त्यांत भिंती पडू लागत.

आता भिंतीच्या सामानाकडे. १९९५मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या ॲन्ड्र्यू स्टेहेलिन यांच्या गटाने तंबाखूच्या पेशी प्रचंड दाबाखाली क्षणात गोठवल्या आणि पडद्याच्या अवस्था क्रमाने मांडल्या : आधी पिशव्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या, मग नळ्यांचे जाळे, मग भोकाभोकांचा पत्रा, शेवटी सलग थर. जाळे असताना त्यात भरलेले असते ते कॅलोज. ही निवड पहिल्यांदा विचित्र वाटते, कारण कॅलोज म्हणजे वनस्पतीचे तातडीचे साहित्य. जखम बुजवायला, रसवाहिनीची भोके बंद करायला, परागमातृपेशीभोवती तात्पुरते कवच घालायला वापरायचे. पण तेच इथे उपयोगी पडते. ते झटपट तयार होते, मऊ असते आणि पसरते. पडदा सपाट व्हायला जो रेटा लागतो तो कॅलोज देत असावे, असे गणिती प्रारूपांतून पुढे आले आहे. २०१४मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या गटाने एन्डोसिडिन-७ हा रेणू वापरून पडद्यातले कॅलोज अडवले, तर पडदा धरला पण टिकला नाही.

कॅलोजच्या जागी सेल्युलोज येते तेव्हा भिंत खऱ्या अर्थाने भिंत होते. ही अदलाबदल नेमकी कशाने सुरू होते, हा माझ्या मते आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पेशीचक्र आणि भित्तिकेचे रसायन यांना थेट जोडणारा दुवा इथेच मिळालेला आहे : सेल्युलोजसदृश शर्करा विणणारे सीएसएलडी-५ हे प्रथिन. मिशिगनच्या गटाने २०१६मध्ये दाखवले, की ते पडद्यात येते आणि विभाजन संपताच मोडले जाते, तेही गुणसूत्रांची गाठ सोडणाऱ्या त्याच यंत्रणेकडून. म्हणजे पेशीचक्राची कडी भिंतीच्या सुरुवातीला आहे तशी शेवटालाही आहे. तरी या विषयावरचे निबंध टँगल्ड आणि पट्ट्यावरच्या निबंधांच्या मानाने थोडेच आहेत. कारण साधे आहे. प्रथिनाला चमकणारी शेपटी जोडून जिवंत पेशीत त्याचा पाठलाग करता येतो. शर्करेचा साचा जनुकात लिहिलेला नसतो, तिला शेपटी जोडता येत नाही. ॲनिलिन ब्लूने कॅलोज उजळते, प्रतिपिंडांनी पेक्टिनचे काही प्रकार सापडतात, बाकीच्यासाठी गोठवून कापणे आलेच.

आणि एक जागा तर दोन्हीकडच्या अभ्यासकांनी जवळजवळ सोडूनच दिली आहे : सांधा. नवी भिंत जुन्या भित्तिकेच्या आतल्या अंगाला येऊन टेकते, पण शेजारणींना चिकटवणारा पेक्टिनचा थर त्या जुन्या भित्तिकेच्या पलीकडे असतो. नव्या भिंतीतले पेक्टिन त्याला जाऊन मिळायचे तर जुनी भित्तिका त्या रेषेवर उसवावी लागते. ती उसवते, कोपरा तीन दिशांचा होतो आणि पुष्कळदा तिथे हवेची पोकळी तयार होते. पानात वायू खेळतो तो अशाच पोकळ्यांतून. मिनेयुकी आणि गनिंग यांनी १९९०मध्येच लिहिले होते, की नवी भिंत पट्ट्याच्या जागी टेकली तरच ती ताठ आणि सपाट होते, बाजूला टेकली तर सुरकुतलेली राहते. म्हणजे त्या रेषेवर मार्गदर्शनाखेरीज भिंत पक्की करणारेही काहीतरी असते. टँगल्ड आणि त्याच्या सोबत्यांचा अभ्यास आजवर भिंत तिथे पोहोचते कशी एवढ्यासाठी झाला. पोहोचल्यावर जुनी भित्तिका उसवणारी विकरे त्याच कड्यापाशी गोळा होतात का, हे टीआरएम नसलेल्या त्या रोपांत तपासता येईल. पट्टा नाही, भिंत साधारण जागेवर आहे आणि सांधे उघडे पडले आहेत की नाहीत ते मोजायचे. त्यासाठी लागणारी रोपे आणि प्रतिपिंडे दोन्ही प्रयोगशाळांत आहेत.